क्षणभर दिसला!

वैनगंगेकाठच्या आमच्या वडशास झाडीपट्टी रंगभूमीचे माहेरघर म्हणतात. दिवाळी उलटली आणि धान कापून झाले, की येथील नाटक मंडळ्यांच्या कचेऱ्या गजबजतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतून गावोगावचे लोक मंडईसाठी वा शंकरपटासाठी नाटक ठरविण्यास येतात, आणि रात्री उभा राहिलेला खेळ पहाटे संपतो. अशा गावी पंचवीस वर्षे इंग्रजी नाटके शिकवूनही आम्ही झाडीपट्टीचे एकही नाटक पाहिले नव्हते, हे प्रथमच कबूल करणे बरे.

२०२२ साली या रंगभूमीवरच बेतलेला तृषांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’ हा चित्रपट निघाला. त्यात झाडीपट्टीचे अनेक कलावंत आहेत. आमच्या आळीचा लाडका विनोदी नटही त्यांत आहे असे कळल्यावरून, पुढे तो घरबसल्या पाहण्याची सोय होताच, शेजाऱ्यांकडे सारी आळी लोटली. आम्हीही कौतुकाने गेलो.

नट आला, हसला आणि पापणी लवते न लवते तोच दिसेनासा झाला! “मागं घ्या जी!” पोरे ओरडली. तीनदा मागे नेऊन पाहिले. तिन्ही वेळा तो तेवढाच. तरुणांना तेवढ्यानेही धन्यता वाटली. ‘मुंबईपुण्याच्या लोकांनी तर पाहिला ना!’ असे त्यांचे म्हणणे. धानाच्या रोवणीला जाणारी एक म्हातारी मात्र हिरमुसून म्हणाली, “आमचा मानूस येवढाच जी?”

आम्ही तिची समजूत घालू लागलो. ‘मॅक्बेथ’ नाटकातला द्वारपाल एकाच प्रवेशात येतो, तरी जग त्यास विसरले नाही, इत्यादी. तिने शांतपणे ऐकून घेतले व विचारले, “तुमी त्याले रातभर पायला का जी कदी?”

या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते.

त्याच हिवाळ्यात आम्ही शाल पांघरून मांडवात जाऊन बसलो. मध्यरात्री आमचा नट रंगभूमीवर आला, आणि त्याने तोंड उघडण्यापूर्वीच मांडव हसू लागला. पहाटेच्या प्रवेशात त्यानेच त्या लोकांना रडविले. तेव्हा कोठे म्हातारीची तक्रार आम्हांस उमगली. ज्यांना अख्खी रात्र ठाऊक होती, त्यांना क्षण तोकडा वाटला. आम्हांस मात्र तो पुरेसा वाटला, कारण आमच्यापाशी रात्रच नव्हती!

२०२३ साली याच जिल्ह्यातील झाडीपट्टीचे नट डॉ. परशुराम खुणे यांस पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्यासारख्या सुशिक्षितांनी मोठ्या अभिमानाने अभिनंदने केली. चित्रपटाचा पडदा किंवा सरकारचे पदक मध्ये आल्यावाचून आम्हांस शेजारचा माणूस दिसत नाही, असा याचा अर्थ. म्हातारीस त्यांपैकी कशाचीच गरज पडली नव्हती.

द्वारपालाचा तो प्रवेश आम्ही वर्गात अजूनही शिकवितो. फक्त आरंभी मुलांना विचारतो, “या वर्षी नाटक कोणकोणते पाहिले?” मुले सांगू लागतात, आणि तेवढा वेळ आम्ही शिष्य होतो.