लक्षाची तालीम

"लक्ष कुठे आहे तुझे?" हा प्रश्न शाळेत आपण सर्वांनीच ऐकला आहे. लक्ष म्हणजे बाकावर बसून फळ्याकडे पाहणे, एवढीच माझी समजूत होती. लक्षही आजारी पडते आणि त्याची तालीम घेता येते, हे मला एकोणिसाव्या वर्षी कळले.

त्या वर्षी माझे जेवण सुटले. सुरुवात सोमवारच्या उपासाने झाली. उपास करणाऱ्या मुलीला आपल्याकडे कोणी 'का' म्हणून विचारत नाही. आजी तर शेजारणींना कौतुकाने सांगायची, "आमची नात सोमवार करते, गुरुवार करते, शनिवारही मोडत नाही." हळूहळू उरलेले वारही त्यांना जाऊन मिळाले. आरशात मला फक्त पोट आणि दंड दिसत. चेहरा दिसतच नसे. मैत्रिणींकडे पाहिले, की मात्र त्यांचे जे सुंदर तेवढेच डोळ्यांत भरे.

हे माझ्या एकटीचेच खूळ नव्हे, हे पुढे मानसशास्त्राचा अभ्यास करताना कळले. २००५ साली नेदरलंड्समधील अनिता यान्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नजरेचा माग घेऊन हेच टिपले होते. आहारविकाराची लक्षणे असलेल्या मुली छायाचित्रांत स्वतःचे नावडते अवयव अधिक पाहत आणि दुसऱ्यांचे सुंदर. इतर मुलींचे नेमके उलटे! स्वतःच्या बाजूचा हा लहानसा पक्षपात किती मोलाचा, हे तो हरवल्यावरच कळते.

आईने मला डॉक्टरबाईंकडे नेले. बाई म्हणाल्या, "आधी जेवण, मग मन." उपाशी मेंदूला शहाणपण शिकवता येत नाही, हे पटवताना त्यांनी अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या प्रयोगाची हकिगत सांगितली. १९४४-४५ मध्ये तिथे ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले होते. त्यांचे सारे चित्त अन्नाभोवती घोटाळू लागले. काही जण तर पाककृतींची पुस्तके जमवू लागले! मीही त्या दिवसांत जुन्या मासिकांतल्या पाककृती कापून वहीत चिकटवत होते. त्या वहीबद्दल सांगताना मी पहिल्यांदा रडले.

काही महिन्यांनी अंगात ताकद आल्यावर तालीम सुरू झाली. इंग्लंडचे मानसशास्त्रज्ञ एड्रियन वेल्स यांनी १९९० साली ही पद्धत मांडली, ती घबराटीच्या विकारासाठी. खेळ जेमतेम बारा मिनिटांचा. भिंतीवरच्या एका ठिपक्यावर नजर ठेवायची आणि कान उघडे ठेवायचे. पहिली पाच मिनिटे एका वेळी एकच आवाज धरायचा : पंख्याची घरघर, मग घड्याळाची टिकटिक, मग नळाचे ठिबकणे. पुढची पाच मिनिटे भराभर एकावरून दुसऱ्यावर उडी. कुकरची शिट्टी, भाजीवाल्याची हाक, पुन्हा घड्याळ. शेवटची दोन मिनिटे सगळे आवाज एकदम ऐकायचे.

"मनातले विचार हाकलू नकोस," बाईंनी बजावले होते. "तोही एक आवाजच. चालू दे."

मला हसू आले होते. पण एके दुपारी जेवताना 'किती खाल्लेस?' हा नेहमीचा आवाज आला आणि त्याच वेळी आजी माहेरच्या नदीच्या पुराची गोष्ट सांगत होती. मी आजीकडे वळले. तो आवाज गेला नव्हता. पण पंगतीत बसलेल्या अनेकांपैकी तो एक झाला होता. यजमान राहिला नव्हता.

केवळ या तालमीने मी बरी झाले, असे म्हणणे खोटे होईल. आहारविकारांत तिचा वाटा किती, याचा अभ्यास अजून चालूच आहे. मला वाचवले ते वेळेवर वाढलेल्या वरणभाताने, बाईंच्या चिकाटीने आणि आईच्या न बोलता शेजारी बसण्याने. तालमीने एवढेच केले, की शेजारी बसलेली आई मला दिसू लागली.

आपल्या वर्गातही उपासाच्या नावाखाली रोज भरलेला डबा घरी परत नेणारी एखादी मैत्रीण असेल. तिच्या निग्रहाचे कौतुक करू नका. तिच्या शेजारी आपला डबा उघडून बसा, आणि तिच्या घरच्यांना डॉक्टरांची वाट दाखवा.