ग्लासातला चखणा

मराठी माणसाच्या मैफलीत ग्लासापेक्षा ताटलीचा मान मोठा. काय प्यायचं याची चर्चा पहिल्या घोटाबरोबर संपते. खारे दाणे संपत आले की मात्र सगळ्यांच्या नजरा एकदम ताटलीकडे वळतात. शेव, मसाला पापड, उकडलेलं अंडं, मीठ-तिखट लावलेली कैरीची फोड. काहीच नसेल तर नुसतं मीठ. देशीच्या दुकानात मिठाची वाटी ठेवलेली असते. चिमूट जिभेवर ठेवायची आणि वर घोट घ्यायचा. त्या चिमटीला अर्थ आहे. मीठ जिभेवर कडूपणाला दाबतं, आणि कडू बाजूला झालं की मागे दडलेल्या चवी पुढे येतात. पण आपल्याकडे खारट ते ताटलीत आणि पेय ते ग्लासात, ही वाटणी ठरलेली. डर्टी मार्टिनीने ती मोडली. तिने चखणाच उचलून ग्लासात घातला.

साधी मार्टिनी म्हणजे जिन आणि ड्राय व्हर्मूथ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ती घडत गेली, आणि हळूहळू तिच्यातला गोडवा कमी होत कोरडेपणा वाढला. शोभेला एक हिरवं ऑलिव्ह. त्या ऑलिव्हच्या बरणीतला खार चमचाभर ग्लासात गेला की ती डर्टी. काच ढगाळते, आणि पेय पंक्तीत वाढलेल्या पदार्थासारखं लागू लागतं.

या खाराचे एक चाहते म्हणून अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं नाव घेतात. त्यांच्याच कारकिर्दीत, 5 डिसेंबर 1933 रोजी, अमेरिकेतली दारूबंदी उठली. व्हाइट हाउसमध्ये संध्याकाळी ते स्वतः पाहुण्यांसाठी पेयं मिसळत. प्रमाणांबाबत त्यांचा हात मोकळा होता आणि पाहुणे त्याची मागे कुजबूज करत. 1943 च्या तेहरान परिषदेत त्यांनी स्टालिनलाही मार्टिनी पाजली. कशी वाटली, असं विचारल्यावर स्टालिनने बरी आहे म्हटलं, पण पोटाला थंड पडते अशी पुस्ती जोडली. दुभाषे चार्ल्स बोलेन यांनी हे लिहून ठेवलं आहे. निम्म्या युरोपाला धाकात ठेवलेल्या माणसाची ही तक्रार एखाद्या आजोबांना शोभावी. तरी त्याने नेमकं बोट ठेवलं होतं. मार्टिनी म्हणजे आधी गारवा, मग बाकीचं सगळं.

हा गारवा येतो कुठून? बर्फ शून्याला वितळतो, हे शाळेत शिकलेलं. मद्यात मात्र तो शून्याच्या खालीही वितळत राहतो आणि वितळताना भोवतालची उष्णता ओढून घेतो, त्यामुळे ग्लासातलं तापमान शून्याखाली उतरतं. उन्हाळ्यात गच्चीवर लाकडी बादलीत बर्फ आणि खडेमीठ भरून आइस्क्रीमचं पॉट फिरवलेल्या कुणालाही हे निराळं सांगायला नको. तिथे मीठ जे काम करायचं ते इथे मद्य करतं. म्हणून ढवळणं हे नुसतं मिसळणं नव्हे. अर्ध्या मिनिटाच्या ढवळण्यात वीसेक मिली पाणी सुटतं, आणि तेही या पेयाचा घटकच असतं. त्याच्यावाचून जिन घशाला टोचते. साहजिकच बर्फ चांगला हवा. ज्या फ्रीजरमध्ये आदल्या दिवशीचे बोंबील ठेवलेत, तिथल्या बर्फाची मार्टिनी करू नये.

आता खार. झाडावरचं ऑलिव्ह तोंडात धरवत नाही इतकं कडू असतं. सेव्हिलच्या पद्धतीत ते आधी कॉस्टिकच्या पाण्यात ठेवून कडूपणा काढतात आणि मग मिठाच्या पाण्यात आंबवतात. ग्रीसमध्ये बरंचसं काम नुसत्या मिठाच्या पाण्यावर आणि महिन्यांवर सोपवतात. या काळात दह्यातल्या जिवाणूंचे भाऊबंद फळातली साखर खाऊन आंबटपणा तयार करतात, आणि फळाचा अर्क पाण्यात उतरतो. म्हणजे खार हे उरलेलं पाणी नव्हे, मुरण्याचं अर्धं फळ त्यात असतं. मात्र दुकानातल्या प्रत्येक बरणीची ही कथा नसते. काहींत नुसतं मीठ आणि आम्ल घातलेलं पाणी असतं. ओळखायची रीत सोपी: आधी चमचाभर खार तसाच चाखा. जो चमच्यात चांगला लागत नाही, तो ग्लासात गेल्याने सुधारणार नाही.

बाकी कृती चार ओळींची. 60 मिली जिन, 15 मिली ड्राय व्हर्मूथ, 15 मिली खार. भरपूर बर्फावर ढवळा, फ्रीजरमध्ये गार केलेल्या ग्लासात गाळा, वर ऑलिव्ह. जेम्स बाँडचं ऐकून हलवलीत तरी इथे फारसं बिघडत नाही. हलवण्याने पेय गढूळ होतं ही एरवीची तक्रार, आणि खाराने ते आधीच झालेलं असतं. जिनमधल्या ज्युनिपरचा रानवट वास खाराशी झुंजतो. झुंज नको असेल तर व्होडका घ्या, ती मुकाट बाजूला होते. व्हर्मूथची बाटली शोकेसमध्ये मिरवू नका. ती वनस्पती घातलेली वाइनच आहे. उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवून महिना-दोन महिन्यांत संपवावी. आपल्याकडे ती भेट म्हणून येते, वर्षानुवर्षं धूळ खाते, आणि मग मार्टिनी भिकार लागते म्हणून दोष जिनला.

ऑलिव्ह आपलं नाही, पण खार आपला आहे. कोकणात चैत्र-वैशाखात कैऱ्या मिठाच्या पाण्यात घालून ठेवतात आणि आषाढात पेजेबरोबर काढतात. गोव्यात कोवळ्या कैऱ्या मिठात घालून वर दगडाचं वजन ठेवतात, ती चेपणी. या बरण्यांतलं पाणी आंबट, खारट आणि चिकाच्या वासाचं असतं. ते जिनमध्ये छान बसतं. फक्त ऑलिव्हपेक्षा आंबट म्हणून 10 मिलीवर हात आवरायचा, आणि वर त्याच कैरीची पातळ चीर. जिनही लांबून आणायला नको. 2017-18 पासून गोव्यात ग्रेटर दॅन, हापुसा, स्ट्रेंजर अँड सन्स अशा जिन बनू लागल्या, आणि हापुसात तर हिमालयातलं ज्युनिपर आहे. तेलाच्या लोणच्याचा खार मात्र नको. मोहरी आणि हिंग जिनला बोलू देत नाहीत, वर तवंग तरंगतो तो वेगळाच.

घरी करायचं म्हटलं तरी कायदा उंबऱ्याबाहेर थांबत नाही. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली पिणाऱ्याला आजही परवाना लागतो, आणि कडक मद्यासाठी वयाची पंचविशी. शिवाय हे पेय दिसतं तितकं सोज्वळ नाही. एवढ्याशा ग्लासात अख्खा मोठा पेग असतो, आणि थंडी व मीठ मिळून त्याची धार अशी झाकतात की दुसरा ग्लास कधी भरला ते कळत नाही. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्याने तर मीठ आणि मद्य या दोघांनाही लांबून नमस्कार करावा.

किती प्यायची याचं उत्तर खरं तर बरणीच देते. खार फळांच्या वर राहिला पाहिजे. उघडी पडलेली ऑलिव्ह मऊ होतात, त्यांना बुरशी धरते. कैऱ्यांचंही तेच. तेव्हा फळं बुडलेली राहतील एवढाच खार काढा, आणि तेवढ्यात जितकं होईल तितक्यावर थांबा.