अभिमानातून राहिलेली नावे

बदली होऊन बेंगळुरास आलो, तेव्हा तंजावरच्या भोसल्यांचा अभिमान सोबत होताच. पौष वद्य पंचमीस येथे त्यागराजांच्या पंचरत्न कृती ऐकताना तो हटकून वर येई. हा संतगायक आपल्याच राजांच्या राज्यात गायिला! परंतु तिरुवैयारूस त्यांच्या समाधीवर मंदिर कोणी बांधले, हे मला येथेच कळले. बेंगळूर नागरत्नम्मांनी, देवदासी कुळातील या गायिकेने, स्वकष्टाच्या पैशाने. आराधनेत गाण्यास मात्र बायकांना मज्जाव! तेव्हा १९२७ पासून त्यांनी समाधीच्या मागल्या बाजूस स्त्रियांची निराळी आराधना भरविली. १९४० च्या सुमारास सर्वांची आराधना एक झाली.

त्याआधी, १९१० मध्ये, त्यांनी मुद्दुपळनीचे ‘राधिकासांत्वनम्’ हे तेलुगू काव्य छापविले होते. वेश्येचे शृंगारकाव्य म्हणून विद्वानांनी ओरड केली, सरकारने बंदी घातली. ती १९४७ पर्यंत उठली नाही. पुरुषांचा शृंगार चालतो, मग हिचाच का नको, असे नागरत्नम्मांचे विचारणे होते.

ही मुद्दुपळनी प्रतापसिंह भोसल्यांच्या दरबारची. तंजावरविषयी मी इतके बोललो असेन, पण तिचे नाव माझ्या तोंडी कधी आले नव्हते.