हिशेबाची दुसरी वही

शिकलेला माणूस फसत नाही, अशी आपल्या समाजाची जुनी श्रद्धा आहे. इतिहासाचे अध्यापन करताना आम्हांस मात्र वारंवार जाणवले, की अक्षर आले तरी आकडा न उमजल्यास गुलामी दुसऱ्या दाराने घरात शिरते.

महार वतनाचेच पाहा. गावकीची अखंड चाकरी आणि मोबदल्यात जमिनीचा तुकडा व बलुते. कामाला मोजमाप नाही, पिढ्यान्‌पिढ्या सुटका नाही. करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी 1918 मध्ये महार वतने रद्द केली. रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ 1923 मध्ये लंडनहून प्रसिद्ध करणाऱ्या बाबासाहेबांना वतनातील तोट्याचा व्यवहार नेमका कळला होता. 1928 मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतनासंबंधीचे विधेयक मांडले. परंतु मुंबई राज्यात ही वतने संपविणारा कायदा होण्यास 1958 साल उजाडावे लागले.

आज वतन नाही, उचल आहे. आपल्या काही विद्यार्थ्यांचे आईवडील ऊसतोडीला जातात. आठवीच्या वर्गात आम्ही फळ्यावर एक उदाहरण मांडले. समजा, जोडप्याने लाखाची उचल घेतली आणि टनाला साडेतीनशे रुपये मिळाले, तर ती फेडण्यास सुमारे 286 टन ऊस तोडावा लागेल. रोज दोन टन तोडला, तरी 143 दिवस. म्हणजे जवळजवळ सारा हंगाम. एका मुलीने विचारले, "मग हंगामात खायचं कशातून, गुरुजी?" उत्तर तिला ठाऊक होते : नव्या उचलीतून.

मुकादमाकडे वही असते. मजुराच्या घरी बहुधा नसते. म्हणून आम्ही मुलांना दुसरी वही घालावयास शिकविले. रविवारी घरून फोन आला, की तारीख, तोडलेले टन, हाती पडलेली रक्कम मुले विचारून लिहितात. हंगामाअखेर दोन वह्या समोरासमोर ठेवता याव्यात, एवढाच हेतू.

हे धम्माबाहेरचे नाही. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी मिळकतीचे चार भाग सांगितले : एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी, चौथा संकटकाळासाठी. अनाथपिंडिकास सांगितलेल्या गृहस्थाच्या चार सुखांत ऋणमुक्तीचेही सुख आहे. चौथा भाग उरतच नाही, अशा घरांना काटकसरीचा उपदेश करणे क्रूरपणाचे ठरेल. त्यांना आधी आपल्या श्रमाचा हिशेब मागता आला पाहिजे.

बचतीचे शिक्षण त्यापुढचे. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलास बँकेत स्वतःचे बचत खाते चालविता येते. बँकेतील ठेवीस पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेतील ठेवीस ते नसते. गल्लोगल्ली पतसंस्था आणि भिशी असलेल्या आपल्या जिल्ह्यात हा भेद प्रत्येक घरास ठाऊक हवा. सही करण्यापूर्वी कागद वाचावा, व्याज महिन्याचे की वर्षाचे हे विचारावे, भरलेल्या हप्त्याची पावती जपावी : हे पाठ पालकसभेतही व्हावेत.

बँकांत व सहकार खात्यात नोकरीस असलेल्या माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. वर्षातून एक रविवार वसतिगृहास द्यावा. देणगीची पावती आम्ही आनंदाने फाडू. पण मुलांशेजारी बसून त्यांच्या घरचा एक हिशेब तपासलात, तर ते दान अधिक मोठे.

जय भीम. नमो बुद्धाय.