हात मागे घेताना

रत्नागिरीत २०२३ साली सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, तेव्हापासून नातेवाईकांचा एकच प्रश्न, "मग तू आता प्रोफेसर होणार का?" परवा ठाण्याच्या मावशीने पुन्हा विचारलं. नाही गं मावशी. मी आपला ट्रस्टच्या हॉस्पिटलात मोतीबिंदू काढतो, आणि एम.एस. होऊन 'हात बसवायला' वर्षभर येणाऱ्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला शिकवतो. त्याबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं. आज बाहेर धो धो पाऊस आहे आणि चक्क लाइट आहेत, तर लिहूनच टाकतो.

आमच्याकडे शिकवण्याची सुरुवात मटणाच्या दुकानात होते. (हसू नका!) रविवारी बोकडाचे डोळे आणायचे, थर्मोकोलवर टाचण्यांनी बसवायचे आणि छेद घ्यायला शिकायचं. मग थिएटरात उलटा क्रम. आधी शेवटचं काम द्यायचं, म्हणजे भिंग बसवणं, डोळा धुणं. मग डोळ्याच्या पांढऱ्या भागात सहा-सात मिलिमीटरचा तिरका बोगदा करणं. नीट जमला तर तो आपोआप बंद होतो, टाका लागत नाही. सगळ्यात शेवटी मधलं खरं काम, मोतीबिंदूच्या पिशवीचं तोंड गोल उघडून आतला गर बाहेर काढणं. पिशवीचा मागचा पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावा इतका पातळ. तो फाटला की मागची जेली पुढे येते आणि दहा मिनिटांचं काम तासावर जातं.

शिवाय पेशंट जागा असतो, सगळं ऐकत असतो. ओरडायची सोय नाही. "छान, आता जरा थांबू या" याचा अर्थ "हात काढ आधी!"

तीन वर्षांपूर्वी लांज्याकडची एक मुलगी आली होती. हात चांगला. पण मधलं काम आलं की मी म्हणायचो, "छान, आता थांबू या," आणि खुर्ची बदलायची. आठ महिने असंच. माझे रिझल्ट उत्तम होते. शेवटी एकदा चहा पिताना ती म्हणाली, "सर, उद्या मी तालुक्याला एकटी असेन. तिथे माझ्या हातातून कोण घेणार?"

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

त्याच सुमारास, २०२३च्या मे महिन्याच्या शेवटी, जे.जे.ची बातमी आली. डॉ. तात्याराव लहाने हे नाव आमच्या पिढीतल्या नेत्रतज्ज्ञांना सांगावं लागत नाही. लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचा शेतकऱ्याचा मुलगा, आईने १९९५ साली दिलेल्या किडनीवर उभा राहिला, लाखाहून अधिक डोळे ऑपरेट केले, आनंदवनात कुष्ठरुग्णांसाठी शिबिरं घेतली, २००८ला पद्मश्री, पुढे जे.जे.चे अधिष्ठाता. आणि त्याच विभागातल्या निवासी डॉक्टरांची तक्रार होती की आम्हाला पुरेशा शस्त्रक्रिया करू देत नाहीत. विभागाने ती नाकारली, आणि लहाने, डॉ. रागिणी पारेख यांच्यासह नऊ डॉक्टरांनी राजीनामे दिले. खरं-खोटं ठरवणारा मी कोण! त्यांच्यापुढे माझं काम म्हणजे चिमूटभर. पण पेपर वाचताना मला जे.जे. दिसेना, आमची चहाची टपरी दिसायला लागली.

पुढच्याच सोमवारी पावसकडच्या एका आजींचा मोतीबिंदू होता. मी बाजूच्या स्कोपमधून बघत, हात छातीशी धरून बसलो. पिशवीचं तोंड छान गोल उघडलं. गर निघताना मागचा पडदा फाटला. मी बसलो, जेली साफ केली, भिंग पुढच्या कडेवर टेकवलं. आजींच्या मुलाला मी आणि ती, दोघांनी मिळून काय झालं ते सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "केलं कोणी?" मी म्हटलं, "जबाबदारी माझी." खरं तर हे उत्तर नव्हतंच.

आजींना महिन्याभरात बरं दिसायला लागलं. पण त्या रात्री मला झोप आली नाही, आणि बुधवारी तिला पुन्हा खुर्चीवर बसवताना माझ्या पोटात जो गोळा आला तो मी स्वतःच्या पहिल्या ऑपरेशनलाही अनुभवला नव्हता. जाईपर्यंत तिने पुष्कळ केसेस केल्या. आणखी एकदा पडदा फाटला. त्या वेळी तिने स्वतःच निस्तरलं, मी नुसता बसलो होतो.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. तिच्या हाताखाली यंदा एक नवा मुलगा आलाय.

"सर, हात शिवशिवतात हो," म्हणाली.

"मग काय करतेस?"

"आतापर्यंत तरी... मीच करतेय सगळं."

दोघंही हसलो. मग ती पावसाबद्दल बोलायला लागली.