बापूजींचा हुरडा



मागच्या डिसेंबरात सूनबाईनं मोबाइलवर एक चित्र दाखवलं. वडिलांना द्यायची तयार ‘बार्बेक्यू भेट’. वेताची टोपली, तिच्यात लांब दांड्याचा चिमटा, लोखंडी सळ्या, कोळशाची पिशवी, सॉसच्या तीन बाटल्या आणि छातीवर कसलासा इंग्रजी विनोद छापलेला एप्रन. "मम्मी, नानाजींना नव्वदावं लागतंय. हे मागवू या का?"

मला हसूच आलं. नव्वदीचा स्थानकवासी माणूस, पन्नास वर्षं चौविहार करणारा, आणि त्याला बार्बेक्यू! तुम्हीही नाक मुरडलं असेल. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर डोक्यात आलं, अगं, चिमटा, निखारे, चटणी, भोवती बसलेली माणसं, हे तर हुरड्याचंच सामान की. मुलानं नंतर सांगितलं की बार्बेक्यू हा शब्द मुळात कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा. निखाऱ्यांवर काठ्यांची मांडणी करायची आणि तिच्यावर भाजायचं. स्पॅनिश लोकांनी त्याचं ‘बार्बाकोआ’ केलं. ते लोक काय भाजत ते सोडा. शेकोटीभोवती बसून खाणं काही कुणा एकाची मालकी नाही.

माझं माहेर नगरचं, आता अहिल्यानगर म्हणायचं. बापूजींची धान्याची अडत होती. पौष-माघात ज्वारी हुरड्यात आली की शेतकऱ्यांची आमंत्रणं यायची, आणि आम्ही पाचही भावंडं बैलगाडीत कोंबून जायचो. घरात स्वतःच्या हातानं पाण्याचा तांब्याही न घेणारे बापूजी शेतात गेले की धोतर खोचून थेट आगटीपाशी बसायचे. यजमान म्हणायचा, "शेठ, तुम्ही खा, आम्ही भाजतो." ते ऐकायचे नाहीत. गोवऱ्यांच्या आरात कणीस सरकवायचं, फिरवायचं, बाहेर काढून तळव्यांवर गरमागरम चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि समोर येईल त्या हातावर दाणे घालायचे. सोबत गूळ, बोरं आणि चटणी. त्या घरची बाई आमच्यासाठी लसणाशिवायची चटणी आधी वाटून घ्यायची, पाटा धुऊन. आम्ही न सांगता. हे मी कधी विसरले नाही.

तीन वर्षांपूर्वी बाई गेली. अडत त्याआधीच बंद झाली होती. नगरची थंडी सोसत नाही म्हणून बापूजी आता हिवाळ्यात माझ्याकडे बोर्डीला येतात. सकाळी सामायिक, मग पेपर, मग चिकूच्या झाडांकडे तोंड करून बसणं. वाडीत काढणी चालू असते, लोक येतात-जातात, बापूजी बघत राहतात. काय हवं विचारलं की ठरलेलं उत्तर, "काही नको." म्हणून ही टोपली आपणच भरायची असं मी ठरवलं.

आधी ती विकतची टोपली आपल्याला का चालत नाही ते सांगते, कारण तुमच्याही घरी पोरं कधी ना कधी असलं काही मागवतील. सॉसच्या बाटलीवरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचा. कांदा-लसणाची पूड तर असतेच, पण कशाकशात वूस्टरशायर सॉस असतो आणि तो मुळात अँकोव्ही नावाच्या माशापासून करतात. वरून सगळं निरागस दिसतं. सोबतच्या कृतीच्या कार्डावर होतं, ‘पनीरला दही आणि बेसन लावून रात्रभर ठेवा’. एका ओळीत दोन दोष! कच्च्या दह्यात बेसन म्हणजे द्विदल, आणि रात्रभर म्हणजे वासी. मी दही आधी चांगलं गरम करून घेतलं, मग बेसन, ओवा, हळद, सुंठ घातली आणि भाजायच्या तासभर आधीच पनीरला नि सिमला मिरचीला लावलं. चवीत काही फरक पडला नाही. सुनेलाही कळला नाही.

कोळशापाशी मात्र मी अडले. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत पहिलंच इंगालकर्म, म्हणजे कोळसे पाडण्या-विकण्यासारखे धंदे. ती मनाई धंद्याची आहे, वापराची नाही, हे मला ठाऊक आहे. तरीपण वडिलांना वाढदिवसाची भेट म्हणून कोळशाची पिशवी द्यायला हात होईना. शिवाय हुरड्याला खरा आर लागतो तो गोवरीचाच. इथल्याच एका तबेल्यातून गोवऱ्या आणल्या, दोन दिवस उन्हात टाकल्या, एकेक आपटून, उलटीपालटी करून बघितली.

मग तिथी. वाढदिवस तारखेनं नेमका चौदसला आला, म्हणजे हरी बंद. पौर्णिमा उलटून जाऊ दिली आणि एकमेचा दिवस धरला.

टोपली आमच्या वाडीत कामाला येणाऱ्या बाईकडून घेतली, बांबूची. तिच्यात बाईच्या स्वयंपाकघरातला जुना चिमटा (तो मी तिच्यामागे मागून आणला होता), कणसं चोळायला बापूजींच्याच जुन्या धोतराचा तुकडा, गूळ, बोरं, तिळाची आणि कारळ्याची चटणी. शेंगदाणा जमिनीखाली येत असला तरी कंद नव्हे, बहुतेक घरांत चालतो. पण बापूजी तो वादच नको म्हणतात, म्हणून वगळला.

कणसं भाच्यानं नगरहून आणली, आदल्या दिवशी तोडलेली, ओल्या गोणपाटात गुंडाळून. डहाणूपर्यंत लोकल, पुढे रिक्षा. आता खरं काम. हुरड्याच्या कणसात मावा असतो, कधी अळी असते. मी आणि सूनबाई पांढरी चादर अंथरून दोन तास बसलो. कणीस हलक्या हातानं झटकायचं, दाणे बोटांनी विलग करून आत बघायचं, जीव दिसला तर कणीस तसंच सावलीत गवतावर नेऊन ठेवायचं. साठातली सतरा कणसं बाजूला गेली. सूनबाई म्हणाली, "मम्मी, यापेक्षा मका बरा होता." बरोबर होतं तिचं. पण जयणा करायची तर सोयीच्या ठिकाणीच करून कसं भागेल?

इकडच्या मुलांना हुरडा माहीत नाही, त्यांना उंबाडियू माहीत. बोर्डीपासून गुजरातची हद्द जवळच, आणि थंडीत वलसाडच्या बाजूला हमरस्त्यावर मडकी पालथी घालून ते भाजत बसलेले दिसतात. त्यात रताळं, बटाटा, कोनफळ असतं, म्हणून आपण लांबूनच वास घ्यायचा. मी छोटं मडकं आणून पापडी, कच्ची केळी, हिरवी मिरची, ओवा आणि तीळ एवढ्यावर केलं. कच्ची केळी सालासकट भाजली की बटाट्याची आठवण येत नाही. त्याच्याबरोबर ताक पितात, पण पापडी द्विदलातली, म्हणून ताक आधी गरम करून घ्या.

जानेवारीत इथे सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणून तीनलाच मागच्या अंगणात आगटी पेटवली आणि बापूजींना हात धरून आणलं. समोर टोपली ठेवली. त्यांनी धोतराचा तुकडा उलगडून बघितला. चिमटा उचलला, उघडझाक केली. ओळखला असणारच. मग कणसांकडे बघून म्हणाले, "हुरडा मी सोडलाय."

"कधी?"

"तुझी बाई गेली त्या वर्षी. महासतीजींकडून पच्चक्खाण घेतले. आवडीची एक वस्तू सोडायची होती."

कुणालाच सांगितलं नव्हतं. मी बी.कॉम. झालेली बाई, घरचा एकेक रुपया लिहून ठेवणारी, आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप त्यालाच आधी विचारायचं राहिलं! भेट गुपित ठेवायच्या नादात. भाचा माझ्याकडे बघतोय, सूनबाई चादरीकडे बघतेय, पोरं गप्प. मी म्हटलं, "बापूजी, चुकलंच माझं. आवरते हे सगळं."

"आवरते काय? पच्चक्खाण कसे घेतले ते तरी विचार."

"कसे?"

"एक करण, एक योग. मी खायचा नाही, एवढंच. भाजायचा नाही असं कुठं बोललोय?"

अडतीतला माणूस. सौद्याची एकेक अट तोंडपाठ. तुमच्यातल्या काही जणी म्हणतील, स्वतः सोडलेली वस्तू दुसऱ्याला खिलवणं म्हणजे अनुमोदना झालीच. असेल. मी त्या वेळी वाद घातला नाही आणि आजही घालणार नाही.

पाट आणला. बापूजी आगटीपाशी बसले, गुडघा दुखतो म्हणून एक पाय लांब करून. पहिली दोन कणसं करपली, मग हात बसला. पोरांना सांगत होते, हिरवा रंग गडद झाला की फिरवा, कच्चा वास जाऊन गोड वास आला की काढा. तळवे आता सोसत नाहीत, म्हणून चोळायचं काम भाच्यानं केलं, पण फुंकर त्यांचीच. पहिली मूठ माझ्या हातावर घातली आणि म्हणाले, "तुझी बाई पहिली मूठ उभ्यानंच खायची. एकदा बसली की सगळ्यांचं वाढण्यात तिचं राहून जायचं." मी पाच भावंडांतली थोरली, आणि मला हे दिसलंच नव्हतं.

त्यांनी स्वतः पापडी आणि केळं खाल्लं, पनीरचा एक तुकडा. पावणेसहाला पाणी मागितलं आणि चौविहार घेतला. आर पाण्यानं विझवला नाही. वर किडा-मुंगी पडू नये म्हणून घमेलं पालथं घालून ठेवलं आणि आपोआप निवू दिला.

रात्री प्रतिक्रमण झाल्यावर मी पाय दाबायला बसले. वाटलं काही बोलतील. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "गोवऱ्या दमट होत्या. समुद्राची हवा ना ही. पुढच्या वर्षी नगरहून आण."