‘माझ्याकडे तर चालतंय!’

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या कुणालाही विचारा, हे वाक्य त्याने ऐकलेलं असतं. एकाच्या मशीनवर प्रोग्रॅम सुरळीत चालतो, दुसऱ्याच्या मशीनवर सुरूही होत नाही. कोड दोघांकडे तोच. फरक असतो तो भोवतालच्या गोष्टींत: कुठली लायब्ररी, तिची कुठली आवृत्ती, काय कशाच्या आधी तयार करायचं. आपल्या मंडळातली बरीच मुलं हल्ली कोडिंग शिकतात आणि भेटली की विचारतात, ‘‘कुठली लँग्वेज शिकू?’’ मी म्हणतो, कुठलीही शिका, पण तिची अवजारंही शिका.

ही अवजारं कमांड लाइनवर चालतात, म्हणजे त्या काळ्या खिडकीत, जिथे शब्द टाइप करून हुकूम द्यायचा असतो. तिला बघून पुष्कळ जण बिचकतात. पण टाइप केलेला हुकूम लिहून ठेवता येतो, दुसऱ्याला पाठवता येतो, उद्या जसाच्या तसा पुन्हा देता येतो. ‘इथे क्लिक कर, मग तिथे’ हे तितकं सहज जमत नाही.

यातलं सर्वांत प्रसिद्ध जुनं अवजार म्हणजे ‘मेक’. 1976 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते लिहिलं. त्यांच्या एका सहकाऱ्याची अख्खी सकाळ चूक शोधण्यात वाया गेली होती. चूक आधीच दुरुस्त झालेली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहून गेली होती. ‘मेक’ फाइलींच्या वेळा ताडून बघतं आणि जे बदललं त्यावर अवलंबून असलेलंच पुन्हा तयार करतं. माणसाने लक्षात ठेवायची गोष्ट फाइलीत लिहिली गेली.

याचं मोल मला इथे बडोद्यात, दुधाच्या हिशेबात कळलं. नोकरीत माझ्याकडे आलेला पहिला प्रोग्रॅम दूध संकलनाचा. केंद्रांवर सकाळ-संध्याकाळ दूध येतं, फॅट आणि एसएनएफ मोजून भाव ठरतो आणि दर दहा दिवसांनी शेतकऱ्यांच्या खात्यात पैसे जातात. भावाचा तक्ता बदलला की प्रोग्रॅमही बदलावा लागे, आणि तो नव्याने तयार करणं एकाच ज्येष्ठ सहकाऱ्याला जमे, तेही त्यांच्याच लॅपटॉपवर. एका पावसाळ्यात ते दवाखान्यात होते आणि नेमका तेव्हाच भाव बदलला. बदल दोन ओळींचा, पण आमच्या कुणाच्याच मशीनवर प्रोग्रॅम तयार होईना. शेवटी दवाखान्यात फोन लावून एकेक पायरी विचारली. पैसे चार दिवस उशिरा गेले. पशुखाद्य उधारीवर आणणाऱ्या घराला चार दिवस थोडे नसतात.

ते सहकारी कामात पक्के होते. अडचण एवढीच, की सगळं एका डोक्यात होतं.

पुढे तो हिशेब आम्ही ‘गो’ या भाषेत नव्याने लिहिला. रॉबर्ट ग्रीझमर, रॉब पाइक आणि केन थॉम्प्सन यांनी 2007 मध्ये गूगलमध्ये तिची सुरुवात केली आणि 2009 मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. भाषेबरोबरच तिची अवजारंही येतात. ‘गो बिल्ड’ म्हटलं की प्रोग्रॅम तयार होतो. बाहेरच्या कुठल्या लायब्ररीची कुठली आवृत्ती हवी, ते ‘गो मॉड’ नावाच्या फाइलीत नोंदलेलं असतं. सोबतच्या ‘गो सम’ फाइलीत त्या लायब्ररींचे जणू बोटांचे ठसे असतात. ठसा जुळला नाही तर काम तिथेच थांबतं. ‘गो मॉड टायडी’ नको झालेल्या नोंदी काढून टाकतं, राहिलेल्या घालतं. ‘गो फमट’ सगळ्यांचा कोड एकाच वळणाचा करतं, त्यामुळे कंस कुठे टाकायचा यावरचे वाद संपतात. ‘गो व्हेट’ संशयास्पद जागा दाखवतं. आकडा छापायच्या ठिकाणी चुकून नाव दिलं तर तिथे बोट ठेवतं.

पण भाव बरोबर आहे की नाही, हे यातल्या कशालाच कळत नाही. ते कळत होतं बरे होऊन परतलेल्या त्या सहकाऱ्यांना. गाईचा तक्ता वेगळा, म्हशीचा वेगळा, फॅट अमुक टक्क्यांच्या खाली गेलं तर काय, असे कितीतरी बारकावे त्यांना तोंडपाठ. त्यांच्याजवळ बसून आम्ही प्रत्येक बारकाव्याची एकेक चाचणी लिहिली. आता ‘गो टेस्ट’ म्हटलं की सगळ्या चाचण्या चालतात आणि एखादा भाव चुकला तर लगेच दिसतं. ते निवृत्त झाले, पण त्यांचा हिशेब रोज तपासला जातो. गेल्या वर्षी आलेल्या नव्या मुलीने पहिल्याच दिवशी प्रोग्रॅम तयार करून चाचण्या चालवल्या. कुणालाही फोन करावा लागला नाही.

हल्ली एआय भराभर कोड लिहून देतं, त्यामुळे लिहिणं सोपं झालंय. तो वर्षानुवर्षं चालता ठेवणं मात्र अजूनही आपल्याकडेच आहे. म्हणून कॉलेजचा प्रोजेक्ट पुरा झाला की एक करून बघा. तो मित्राच्या लॅपटॉपवर टाका, दोन-तीन कमांड कागदावर लिहून द्या आणि आपण गप्प बसा. त्याच्याकडे चाललं, तरच काम पुरं झालं.